लिव्हरमधला डाग : घाबरण्याआधी नीट बघून घेऊ या

"लिव्हरला गेलंय म्हणे..." कुणाच्या कॅन्सरबद्दल हे वाक्य कानावर पडलं की बसलेल्या बायका एकमेकींकडे बघतात आणि गप्प होतात. पुढे काही विचारायचं नसतं, असं जणू ठरलेलंच असतं. घरातले पुरुष बाहेरच्या खोलीत हलक्या आवाजात बोलतात, "आता काय उपयोग? घरी घेऊन जाऊ." आणि जिच्या लिव्हरबद्दल हे सगळं चाललंय, तिला मात्र यातलं अक्षरही सांगितलं जात नाही. ती बिचारी आत पोळ्या लाटत असते, नाहीतर भिंतीकडे तोंड करून पडलेली असते.

मैत्रिणींनो, आज याच विषयावर बोलायचं आहे. मी काही डॉक्टर नाही. पण गावाकडच्या पेशंट बायकांना सोबत म्हणून शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलांत जाता-येता बरंच ऐकलं, विचारलं, वाचलं. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. लिव्हरमध्ये डाग दिसला म्हणजे सगळं संपलं, असं दरवेळी नसतं. तो डाग कशाचा, किती ठिकाणी, नेमका कुठे, हे नीट बघावं लागतं. आणि नीट बघण्यावरच पुढचं सगळं ठरतं. ऑपरेशन होणार की नाही, किती मोठं होणार, की त्याची गरजच नाही, ते सगळं!

आधी एक खुलासा. सगळ्या कॅन्सरचं गणित एकसारखं नाही. स्तनाचा, जठराचा, स्वादुपिंडाचा कॅन्सर लिव्हरपर्यंत पोचला तर बहुतेक वेळा औषधांवरच भर असतो. पण मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरची गोष्ट निराळी आहे. इथे लिव्हरमध्ये गाठी गेल्या असल्या तरी त्या सगळ्या काढता येण्यासारख्या असतील, तर ऑपरेशन करतात आणि काही पेशंट पूर्ण बरेसुद्धा होतात. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलने अशा ६१२ पेशंटचा हिशोब २००७ साली मांडला होता. लिव्हरचं ऑपरेशन झाल्यावर त्यातले १०२ जण दहा वर्षांनंतरही जिवंत होते. म्हणजे सहातला एक. आकडा लहान वाटेल, पण ज्या आजाराला आपण 'आता काय उपयोग' म्हणतो त्यातला हा आकडा आहे. आणि ती ऑपरेशनं १९८५ ते १९९४ या काळातली. तेव्हा आजच्यासारखी औषधंही नव्हती आणि आजच्यासारखी तपासणीची यंत्रंही नव्हती. म्हणून आज मोठ्या आतड्याचंच उदाहरण घेऊन सांगते.

लिव्हरच का?

आपल्या पोटातून, आतड्यांतून निघालेलं रक्त सरळ हृदयाकडे जात नाही. ते आधी एका मोठ्या शिरेतून लिव्हरमध्ये येतं. बाजारातून आणलेली भाजी आपण थेट कढईत टाकत नाही, आधी निवडतो, धुतो. तसंच अन्नातून आलेलं सगळं आधी लिव्हरच्या हातून जातं. आतड्यात कॅन्सरची गाठ असेल तर तिच्यातून सुटलेल्या पेशीही याच वाटेने येतात आणि तिथे अडकून रुजतात. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये साधारण पाचातल्या एका पेशंटला निदान होतं तेव्हाच लिव्हरमध्ये गाठी सापडतात. काहींना त्या पुढे एक-दोन वर्षांनी दिसतात.

आता लिव्हरचं एक मोठं वैशिष्ट्य. त्याला दोन वाटांनी रक्त मिळतं. जवळपास पाऊण हिस्सा त्या आतड्याकडून येणाऱ्या शिरेतून आणि उरलेला हृदयाकडून येणाऱ्या धमनीतून. गंमत म्हणजे कॅन्सरच्या गाठी वाढायला लागल्या की त्या आपलं रक्त मुख्यतः धमनीतून ओढतात. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढच्या तपासण्या त्यावरच चालतात.

दुसरं वैशिष्ट्य म्हणजे लिव्हर पुन्हा वाढतं. निरोगी असेल तर सत्तर टक्क्यांपर्यंत काढूनही उरलेला भाग काही आठवड्यांत वाढून काम सांभाळतो. क्लोद क्विनो या फ्रेंच डॉक्टरांनी १९५७ मध्ये लिव्हरचे आठ भाग कसे पडतात ते मांडून दाखवलं. प्रत्येक भागाला आपली स्वतंत्र रक्तवाहिनी, आपली पित्ताची नळी. त्यामुळे एखादाच भाग काढून बाकीचं लिव्हर सुखरूप ठेवता येतं. रिपोर्टात 'सेगमेंट ६', 'सेगमेंट ८' असं लिहिलेलं असतं ना, ते हेच आठ भाग.

पण काढायचं तर आधी कुठे, किती हे कळायला हवं. एक गाठ नजरेतून सुटली तर एवढं मोठं ऑपरेशन करूनही आजार आतच राहिला, असं व्हायचं.

सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन

आपल्याला सगळ्यात ओळखीची सोनोग्राफी. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये आवाजाच्या लहरींनी पोटातलं दिसतं हे जगापुढे मांडलं आणि मग ती गरोदर बायकांच्या तपासणीत घरोघरी पोचली. स्वस्त, तालुक्याच्या गावीही होणारी, किरणांचा त्रास नसलेली. पण लिव्हर बरगड्यांच्या आड दडलेलं असतं. मध्ये चरबी, वर आतड्यातला गॅस. त्यामुळे लहान गाठी पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत सुटू शकतात. 'सोनोग्राफी नॉर्मल आली, आता पुढचं काही नको' असं आतड्याचा कॅन्सर असलेल्या पेशंटच्या बाबतीत म्हणून चालत नाही.

म्हणून डॉक्टर सीटी स्कॅन सांगतात. काकडीच्या पातळ चकत्या कराव्यात तशी शरीराची चित्रं हे यंत्र काढतं. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांनी बनवलेल्या यंत्रावर १९७१ मध्ये लंडनला पहिला पेशंट तपासला गेला आणि १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

सीटीच्या वेळी हाताच्या शिरेत औषध सोडतात, अंगात एकदम गरम गरम वाटतं. पेशंट घाबरतात, "काय टोचलं हो?" म्हणतात. ते आयोडीन असलेलं औषध असतं, रक्त ठळक दिसावं म्हणून. मघाशी सांगितलेला दोन वाटांचा फरक इथे कामी येतो. औषध टोचल्यावर साधारण एक मिनिटाने ते आतड्याकडच्या शिरेतून लिव्हरमध्ये भरतं आणि निरोगी लिव्हर उजळून निघतं. गाठीला त्या वाटेचं रक्त फारसं मिळत नसल्याने ती काळपट राहते. पांढऱ्या भिंतीवर ओलीचा डाग दिसावा तशी. म्हणून तिथला माणूस "श्वास रोखा" म्हणेल तेव्हा खरंच रोखायचा, हलायचं नाही. ती वेळ मोजून घेतलेली असते.

सीटीत लिव्हरबरोबर फुप्फुसं आणि सगळं पोटही बघून होतं. म्हणून तीच पहिली मुख्य तपासणी. पण एक सेंटिमीटरपेक्षा लहान, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढ्या गाठी तिच्यात सुटू शकतात, किंवा दिसल्या तरी कशाच्या ते सांगता येत नाही.

एमआरआय कशाला?

इथे एमआरआय येतो. यात क्ष-किरण नसतात, मोठा लोहचुंबक असतो. आवाज फार होतो आणि बोगद्यात पडून राहावं लागतं. ज्यांच्या कामावर हे यंत्र उभं राहिलं त्या पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ मध्ये नोबेल मिळालं.

लिव्हरसाठी एमआरआयमध्ये एक खास औषध वापरता येतं. गॅडोक्सेटिक ॲसिड असं त्याचं नाव. हे औषध लिव्हरच्या जिवंत, काम करणाऱ्या पेशी स्वतः आत ओढून घेतात आणि मग पित्तावाटे बाहेर टाकतात. वीस मिनिटांनी फोटो काढला की सगळं लिव्हर चकाकतं. पण बाहेरून आलेल्या कॅन्सरच्या गाठीत लिव्हरच्या पेशीच नाहीत, मग औषध ओढणार कोण? ती तेवढी काळी राहते. घरात पाहुणा म्हणून घुसलेला आणि घरची रीत न पाळणारा माणूस लगेच ओळखू यावा, तसं. त्याच्या जोडीला पाण्याच्या कणांची हालचाल टिपणारे वेगळे फोटोही काढतात. दोन्ही मिळून लहान गाठी शोधायला आज एमआरआय सगळ्यात भरवशाचा मानला जातो.

याने खरंच फरक पडतो का? युरोपातल्या काही देशांतल्या हॉस्पिटलांनी मिळून हे तपासलं आणि २०२४ मध्ये निष्कर्ष छापले. सीटी बघून ऑपरेशनचा किंवा गाठ जाळण्याचा बेत ठरलेले २९८ पेशंट घेतले आणि त्यांचा एमआरआय केला. त्यातल्या ९२ जणांचा बेत बदलावा लागला. म्हणजे जवळपास तिघांतल्या एकाचा! कुणाच्या आणखी गाठी सापडल्या आणि ऑपरेशन वाढवावं लागलं. कुणाचा आजार इतका पसरलेला निघाला की ऑपरेशनचा फायदाच नव्हता. आणि कुणाकुणाचे डाग कॅन्सरचे नव्हतेच.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. लिव्हरमधला प्रत्येक डाग कॅन्सरचा नसतो. पाण्याची गाठ असते, रक्तवाहिन्यांचा गुच्छ असतो. त्याला हिमँजिओमा म्हणतात आणि तो बायकांमध्ये जास्त आढळतो. असे निरुपद्रवी डाग कित्येकींच्या लिव्हरमध्ये जन्मभर असतात आणि त्यांना कधी पत्ताही लागत नाही. पण आतड्याच्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये असा डाग दिसला की घरचे लगेच 'पसरला' म्हणून मोकळे होतात. एमआरआय बहुतेक वेळा दोन्हींतला फरक सांगू शकतो.

बरेच जण विचारतात, "सुई घालून तुकडा का नाही काढत?" गाठ काढता येण्यासारखी दिसत असेल तर डॉक्टर शक्यतो सुई घालणं टाळतात. कारण सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी सांडण्याचा धोका असतो. म्हणूनच फोटोवर इतका भर.

पेट स्कॅन करायलाच हवा का?

हल्ली 'पेट स्कॅन केला का?' हा प्रश्न कॅन्सरच्या पेशंटच्या नातेवाइकांमध्ये 'जेवलात का?' इतका सहज विचारला जातो. या तपासणीत किरणोत्सर्गी खूण लावलेली साखर टोचतात. कॅन्सरच्या पेशी हावरट, साखर जास्त खातात, म्हणून तिथे उजेड दिसतो. त्या खुणेचा जोर दर ११० मिनिटांनी निम्मा होतो, त्यामुळे औषध जवळच तयार करून वेळेत पोचवावं लागतं. आपल्या देशात अशा तपासणीची सुरुवात २००२ मध्ये मुंबईतच, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये झाली.

पेट स्कॅनचा खरा उपयोग लिव्हरच्या बाहेर कुठे काही आहे का, हे बघायला. लिव्हरमधल्या बारीक गाठींसाठी तो एमआरआयच्या मागेच. केमो घेतल्यावर लगेच केला तर गाठ असूनही उजेड दिसत नाही, असंही होतं. कॅनडात ४०४ पेशंटवर याचा अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये छापून आला. सीटीवर लिव्हरच्या गाठी काढता येतील असं ठरलेल्या पेशंटमध्ये पेट स्कॅनमुळे शंभरात सुमारे आठ जणांचाच बेत बदलला आणि किती जगले यात फरक पडला नाही.

म्हणून महागडी तपासणी म्हणजे चांगली तपासणी, असं समीकरण मांडू नका. दागिने गहाण टाकून पेट स्कॅन करण्याआधी "डॉक्टर, यातून आमच्या पेशंटच्या उपचारात काय बदलणार आहे?" एवढं विचारा. त्यात उद्धटपणा काही नाही. डॉक्टरांनी नीट उत्तर दिलं आणि गरज आहे म्हणाले, तर करावा.

डाग 'गेला', पण खरंच गेला का?

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बऱ्याच पेशंटना ऑपरेशनच्या आधी केमो देतात. गाठी आकसतात, आणि कधी कधी स्कॅनवर दिसेनाशाच होतात. घरात पेढे वाटले जातात. "देवाने ऐकलं हो!" म्हणतात.

आनंद व्हायलाच हवा, पण थोडं थांबून. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २००६ मध्ये अशा स्कॅनवरून नाहीशा झालेल्या ६६ डागांचा पाठपुरावा केला. त्यातल्या ५५ ठिकाणी कॅन्सर आतच होता, किंवा नंतर तिथेच पुन्हा उगवला. ते स्कॅन मुख्यतः सीटीचे होते. शिवाय केमोच्या काही औषधांनी लिव्हरमध्ये चरबी साठते, त्याचा रंगच बदलतो. मग काळपट लिव्हरमध्ये काळपट गाठ सीटीला कशी दिसणार? आज चांगल्या एमआरआयमध्येही दिसली नाही तर ती खरंच गेलेली असण्याची शक्यता पूर्वीपेक्षा जास्त धरतात, पण तरी शंभर टक्के खात्री नाहीच.

म्हणून लिव्हरचा एमआरआय केमो सुरू होण्याच्या आधी झालेला असणं फार मोलाचं. सर्जनला मागाहून 'इथे गाठ होती' हे त्या जुन्या फोटोवरूनच कळतं. अगदी लहान गाठ असेल आणि ती केमोने दिसेनाशी होईल अशी शंका असेल, तर काही ठिकाणी आधीच तिच्याशेजारी धातूची बारीक खूण सोडून ठेवतात.

आमच्या ओळखीतल्या एका मावशींचं उदाहरण सांगते. आतड्याचं ऑपरेशन झालेलं, केमो चालू. लिव्हरच्या ऑपरेशनसाठी त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, तर डॉक्टर म्हणाले, "केमोच्या आधीच्या फिल्म दाखवा." मुलाने रिपोर्टचे कागद पुढे केले. "कागद नको, चित्रं हवीत." फिल्मची ती मोठी पिशवी घर रंगवताना कुणीतरी माळ्यावर टाकलेली. सीडी तर नातवाने खेळायला घेतलेली! मुलगा रातोरात गावी गेला, पिशवी शोधून घेऊन आला. त्या जुन्या फोटोत तीन गाठी होत्या, नव्यात एकच दिसत होती. डॉक्टरांनी तिन्ही जागा धरून ऑपरेशनचा बेत आखला. मावशी आज घरी आहेत, दर काही महिन्यांनी तपासणीला जातात. त्या पिशवीला आता त्यांच्या घरी गोदरेजच्या कपाटात, साड्यांच्या खाली जागा मिळाली आहे.

ऑपरेशनच्या टेबलावरही शोध चालूच

आपल्याला वाटतं, तपासण्या संपल्या की ऑपरेशन. पण चांगले सर्जन पोट उघडल्यावरही आधी शोधतात. पहिली तपासणी हाताची. कणीक मळताना एखादा खडा जसा बोटांना लागतो, तशी कडक गाठ लिव्हरवरून हात फिरवताना लागते. पण खोलवर असलेली, मऊ पडलेली गाठ हाताला लागत नाही.

म्हणून ऑपरेशन चालू असतानाच सोनोग्राफी करतात. छोटं निर्जंतुक यंत्र थेट लिव्हरवर ठेवून! आता मध्ये बरगडी नाही, चरबी नाही, गॅस नाही. पाच मिलिमीटरच्या किंवा त्याहून लहान गाठीही दिसू शकतात. लिव्हरच्या ऑपरेशनमध्ये ही पद्धत रुजवण्यात जपानचे सर्जन मासातोशी माकुउची यांचा मोठा वाटा. १९७० च्या दशकाच्या शेवटी आणि पुढच्या दशकात त्यांनी हे काम केलं.

तिचा उपयोग नुसता गाठ शोधण्यापुरता नाही. गाठ कोणत्या रक्तवाहिनीला चिकटली आहे, कुठून कापलं तर रक्त कमी जाईल, निरोगी लिव्हर किती वाचेल, हे सर्जन त्या पडद्यावर बघत बघत ठरवतात. शिंपी आधी खडूने रेघ मारतो आणि मग कात्री चालवतो, तसं. दुर्बिणीतून ऑपरेशन असेल तर ही सोनोग्राफी आणखीच गरजेची, कारण तिथे हाताने चाचपता येत नाही. गरज पडली तर बारीक बुडबुड्यांचं औषध शिरेतून देऊन गाठी आणखी स्पष्ट करतात. आता आधीच चांगला एमआरआय झालेला असेल तर टेबलावर नवीन काही सापडण्याचं प्रमाण पूर्वीपेक्षा कमी झालं आहे, पण तरीही ही शेवटची खातरजमा सोडत नाहीत.

आणखी एक नवं तंत्र आहे, हिरव्या रंगाचं. इंडोसायनिन ग्रीन नावाचं औषध लिव्हरचं काम तपासायला १९५० च्या दशकापासून वापरात आहे. जपानी सर्जनांच्या लक्षात आलं की ऑपरेशनच्या आधी ते दिलेलं असेल तर खास कॅमेऱ्यात गाठीभोवती चमकणारं कडं दिसतं. २००९ मध्ये त्यांनी हे छापलं. गाठीच्या दाबाने शेजारच्या लिव्हरच्या पेशींना ते औषध बाहेर टाकता येत नाही, म्हणून ते तिथेच राहतं आणि चमकतं. मात्र ही चमक वरवरच्या, सेंटिमीटरभर खोलीपर्यंतच्या गाठींचीच दिसते. खोलातल्या गाठींसाठी सोनोग्राफीच. आणि कधी निरुपद्रवी ठिकाणही चमकतं. थोडक्यात, एकच यंत्र सगळं दाखवत नाही. सीटी, एमआरआय, हात, सोनोग्राफी, सगळ्यांची साक्ष काढून निकाल द्यावा लागतो.

आपल्या हातात काय आहे?

आता हे सगळं डॉक्टरांचं काम, आपण काय करायचं? तर पुष्कळ काही.

फिल्म आणि सीडी जपा. तारखेप्रमाणे लावून एकाच पिशवीत ठेवा, पिशवीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा. नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही, सर्जनना चित्रं स्वतः बघायची असतात.

केमो सुरू होण्याआधी विचारा, "लिव्हरचा एमआरआय आता करायला हवा का?" आणि "लिव्हरचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनना एकदा दाखवू का?" 'काढता येणार नाही' हे लिव्हरची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनने ठरवलेलं बरं.

सीटीच्या आधी किडनीची रक्ततपासणी, म्हणजे क्रिएटिनिन, झालेली असावी. पूर्वी कधी अशा औषधाची किंवा आयोडीनची ॲलर्जी आली असेल, दमा असेल, डायबिटीसची गोळी चालू असेल, तर आधीच सांगा. दिवस गेलेले असण्याची शक्यता असेल तर लाजू नका, तेही सांगा.

एमआरआयला जाताना मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, केसातल्या पिना, साडीची सेफ्टी पिन, सगळं काढून ठेवावं लागतं. जोडवी घट्ट बसली असतील तर घरूनच साबणाच्या पाण्याने सैल करून जा. मंगळसूत्र काढण्यावरून सासूबाई कुरकुरल्या तर त्यांना समजावून सांगा, चुंबकापुढे रीतभात चालत नाही. हृदयात पेसमेकर असेल, डोक्याचं ऑपरेशन होऊन क्लिप बसवलेली असेल, तर आधी सांगायलाच हवं. कॉपर टी असेल तर त्याने सहसा अडत नाही, पण सांगून ठेवा. बंद जागेची भीती वाटत असेल तर तिथल्या सिस्टरना बोला.

पेट स्कॅनला काही तास उपाशी जावं लागतं आणि रक्तातली साखर आटोक्यात असावी लागते. तपासणीनंतर त्या दिवशी काही तास तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊ नका, गरोदर बाईच्या जवळ बसू नका.

खर्चाबद्दलही बोला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या उपचारांचा समावेश आहे. योजनेत असलेल्या हॉस्पिटलात 'आरोग्यमित्र' बसतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी त्यांना भेटा, कोणती तपासणी बसते, कोणती नाही, ते स्पष्ट विचारून घ्या. मुंबईत राहण्याची चिंता असेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखी ठिकाणं कॅन्सरच्या पेशंटसाठी वर्षानुवर्षं आधार देत आली आहेत.

ऑपरेशन झाल्यावर "सुटलो एकदाचे" म्हणून तपासणी सोडू नका. सीईए नावाची रक्ततपासणी आणि स्कॅन पाच वर्षं ठरलेल्या वेळी करायचे असतात. पुन्हा गाठ आली तरी लवकर दिसली तर पुन्हा काढता येऊ शकते.

आणि या सगळ्याच्या आधीची एक गोष्ट. शौचातून रक्त जातं, शौचाची सवय बदलते, वजन उतरतं, रक्त कमी होतं, आणि आपण काय म्हणतो? 'मूळव्याध असेल', 'उष्णता झाली', 'पाळीमुळे अशक्तपणा असेल'. त्या जागेबद्दल पुरुष डॉक्टरांशी बोलायचं कसं, म्हणून महिनोन्महिने घरगुती औषधं चालतात. मूळव्याध असेलही, पण ती डॉक्टरांनी तपासून सांगू दे. दुर्बिणीतून आतड्याची तपासणी सांगितली तर ती करा. आतड्यातली गाठ लवकर सापडली, तर लिव्हरपर्यंत जायची वेळच बहुतेकींवर येत नाही.

शेवटचं घरातल्यांना सांगणं आहे. आजार बाईचा असेल तर रिपोर्ट तिलाही दाखवा, तिच्यासमोर बोला. मुलांच्या परीक्षा, नवऱ्याचे पथ्याचे डबे, सुनेचं बाळंतपण, सगळ्याचा हिशोब तोंडपाठ ठेवणारी बाई आपल्या लिव्हरमध्ये किती गाठी आहेत हा हिशोबही झेपवू शकते. पुढचा निर्णय घेताना तिला काय हवंय, हे तिला विचारूनच ठरू दे.